राजा मंगळ, मंत्री शनी : हैदराबादचे राजज्योतिष

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो, कडुलिंबाची पाने खातो आणि पंचांगातील वर्षफलावर ओझरती नजर टाकून श्रीखंडाकडे वळतो. हैदराबादेत मात्र त्या दिवशी पंचांग वाचले जात नाही, ऐकले जाते. ‘पंचांग श्रवणम्’ हा उगादीचा तेथील मुख्य विधी. घरोघरी आणि देवळांत तो होतोच, पण सरकारी सोहळ्यातही मुख्यमंत्री आणि मंत्री समोर बसतात व पंडित येणाऱ्या वर्षाचे भविष्य मोठ्याने सांगतात. त्याच दिवशी राजकीय पक्षांच्या कार्यालयांतही स्वतंत्र पंचांग श्रवण होते. तेलंगणा भवनात एक पंडित, गांधी भवनात दुसरा, भाजपच्या कार्यालयात तिसरा. आकाशातील ग्रह तेच असतात, परंतु प्रत्येक कार्यालयातील यजमानाला ते अनुकूल निघतात. या गमतीवर तेलुगू वृत्तपत्रे दरवर्षी विनोद करतात आणि तरीही दरवर्षी त्याचे सविस्तर वृत्त छापतात.

राजकारणाचे ज्योतिष म्हणजे नेमके काय, त्याचे नियम कोणते आणि त्याला कोठवर मानावे, हे पाहायचे तर हैदराबादइतके सोयीचे दुसरे शहर नाही.

वर्षाचे मंत्रिमंडळ

पंचांगात प्रत्येक संवत्सराला एक मंत्रिमंडळ दिलेले असते. चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते त्या वाराचा स्वामी वर्षाचा राजा. सूर्य मेष राशीत ज्या वारी प्रवेश करतो त्याचा स्वामी मंत्री. सूर्याच्या इतर संक्रमणांवरून आणि आर्द्रा प्रवेशावरून सेनापती, सस्याधिपती, धान्याधिपती, मेघाधिपती, रसाधिपती अशी उरलेली पदे भरली जातात. एकूण नऊ नायक. दाते पंचांग पाहणाऱ्या मराठी घरांना ही नावे अपरिचित नाहीत. पाऊस, पीक आणि भाव यांचा अंदाज बांधण्यासाठी शेतीप्रधान समाजाने केलेली ही मांडणी होती. लोकशाही आल्यावर ‘राजा’ या शब्दाचा अर्थ मुख्यमंत्री असा घेतला जाऊ लागला, एवढाच बदल.

तेलुगू पंचांगात आणखी एक कोष्टक असते, जे आपल्याकडे फारसे प्रचलित नाही. प्रत्येक राशीपुढे आदाय, व्यय, राजपूज्य आणि अवमान असे चार आकडे दिलेले असतात. उत्पन्न किती, खर्च किती, मान किती, अपमान किती. उगादीच्या सुमारास पुढाऱ्यांच्या राशी शोधून हे आकडे समोरासमोर मांडले जातात. अमक्याला राजपूज्य अधिक आणि तमक्याला अवमान अधिक, की निकाल लागलाच.

ही मांडणी प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहता येते, कारण वार कोणालाही दिनदर्शिकेत तपासता येतात. १८ मार्च २०१८ रोजी रविवारी विलंबी संवत्सर सुरू झाले आणि मेष संक्रांत १४ एप्रिलला शनिवारी आली. राजा रवी, मंत्री शनी. हे पिता-पुत्र ज्योतिषात एकमेकांचे शत्रू मानले जातात, म्हणजे राज्यकर्त्यांत कलह आणि सत्तेला धक्का असे फल काढावयास हरकत नव्हती. त्या वर्षअखेरीस तेलंगणात विधानसभेची निवडणूक झाली आणि सत्तारूढ तेलंगणा राष्ट्र समितीने ११९ पैकी ८८ जागा जिंकल्या. २०१४ मध्ये तिच्या ६३ जागा होत्या. पुढे २२ मार्च २०२३ रोजी बुधवारी शोभकृत संवत्सर लागले. मेष संक्रांत १४ एप्रिलला, शुक्रवारी. राजा बुध, मंत्री शुक्र. दोघेही शुभ ग्रह आणि परस्परांचे मित्र. डिसेंबरात मतमोजणी झाली तेव्हा तोच सत्तारूढ पक्ष ३९ जागांवर आला आणि काँग्रेसने ६४ जागा जिंकून सरकार बनविले.

यावर ज्योतिषी काय म्हणतील तेही ठाऊक आहे. राजा-मंत्री हे संपूर्ण देशासाठी असतात, एका राज्यासाठी नव्हेत. त्या राज्याची कुंडली वेगळी पाहावी लागते. उत्तर तर्काला धरून आहे. मग हैदराबादेतील पक्ष कार्यालयांत त्यावरून राज्याचे भविष्य का सांगितले जाते, हा प्रश्न मात्र उरतो.

देशाची कुंडली

व्यक्तीची कुंडली मांडणारे ते जातक आणि राष्ट्र, राजा, पाऊस, दुष्काळ, युद्ध यांचा विचार करणारी ती संहिता, अशी जुनी विभागणी आहे. आज त्याला राष्ट्रीय किंवा मेदिनीय ज्योतिष म्हणतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ हा या शाखेचा आधारग्रंथ. त्यातील कूर्मविभागात भारतभूमी कासवाच्या रूपात कल्पून नऊ भागांत वाटली आहे आणि प्रत्येक भागाला तीन नक्षत्रे दिली आहेत. आंध्र आणि विदर्भ हे आग्नेयेकडील भागात आश्लेषा, मघा, पूर्वा फाल्गुनी यांच्या वाट्याला येतात. कोकणाचे नाव दक्षिणेच्या यादीत, उत्तरा फाल्गुनी, हस्त व चित्रा यांच्याखाली आहे. त्या नक्षत्रांना पापग्रहांनी पीडा दिली की त्या प्रदेशावर आणि तेथील राजावर संकट, असा नियम. याच ग्रंथाच्या सांवत्सरसूत्र या अध्यायात राजाच्या पदरी असणाऱ्या दैवज्ञाला काय काय आले पाहिजे याची लांबलचक यादी आहे. गणित न येता केवळ तिथी-नक्षत्रे सांगत फिरणाऱ्याला वराहमिहिर ‘नक्षत्रसूचक’ म्हणून हिणवतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बसणाऱ्या अनेकांना तो अध्याय अडचणीचा वाटेल.

स्वतंत्र भारताची कुंडली १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची, दिल्लीची घेतात. वृषभ लग्न, लग्नी राहू, तृतीयात कर्क राशीत रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी असे पाच ग्रह, मिथुनेत मंगळ, तुळेत गुरू. चंद्र पुष्य नक्षत्रात असल्याने शनीच्या महादशेने आरंभ. ती १९६५ पर्यंत चालली. त्यानंतर बुध १९८२ पर्यंत, केतू १९८९ पर्यंत, शुक्र २००९ पर्यंत, रवी २०१५ पर्यंत, चंद्र २०२५ पर्यंत आणि आता सात वर्षे मंगळ. प्रथम स्थानावरून जनता, द्वितीयावरून तिजोरी, चतुर्थावरून जमीन व शेती, सप्तमावरून परराष्ट्र संबंध आणि युद्ध, नवमावरून न्यायव्यवस्था, दशमावरून सत्ता व सत्ताधीश, एकादशावरून संसद असे फल पाहतात. नेत्याच्या पत्रिकेत रवी हा सत्तेचा आणि शनी हा जनतेचा कारक धरतात. लोकशाहीत शनी बलवान हवा, असे आजचे बहुतेक ज्योतिषी सांगतात. राजेशाहीच्या काळातील ग्रंथांत शनी हा सेवक होता. मतदानाचा हक्क मिळाल्यावर सेवकाला मान मिळाला, हा बदल ग्रंथाने नव्हे, काळाने घडविला.

स्वातंत्र्याचा मुहूर्त ज्योतिषांनी ठरविला, असे सर्रास सांगितले जाते. तारीख लॉर्ड माउंटबॅटन यांनी जाहीर केली होती, जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस होता आणि तारीख ठरविताना कोणा ज्योतिषाला विचारलेले नव्हते. ती अशुभ असल्याची ओरड नंतर झाली. संविधान सभेचे अधिवेशन १४ ऑगस्टच्या रात्री ११ वाजता भरवून मध्यरात्री सत्तांतर करण्यात तोडगा निघाला, असे कॉलिन्स व लापियर यांच्या प्रसिद्ध पुस्तकापासून सर्वत्र सांगितले जाते. उज्जैनचे पंडित सूर्यनारायण व्यास यांचे नावही त्या संदर्भात घेतले जाते. शेजारच्या ब्रह्मदेशात तर आडपडदाच नव्हता. तेथे ४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी स्वातंत्र्य घेतले गेले, ते ज्योतिषांनी काढलेल्या मुहूर्तावर. त्यानंतरच्या ब्रह्मदेशाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

भारतासाठी काही ज्योतिषी २६ जानेवारी १९५० सकाळी १० वाजून १८ मिनिटांची, मीन लग्नाची प्रजासत्ताकाची कुंडली ग्राह्य धरतात. खरी मेख येथेच आहे. देशाच्या किमान दोन कुंडल्या, शपथविधीची तिसरी, पक्षस्थापनेची चौथी, नेत्याची पाचवी. त्यात वर्षप्रवेश, ग्रहणे, साडेसाती आणि कृष्णमूर्ती पद्धतीने १ ते २४९ मधील एखादा अंक घेऊन मांडलेली प्रश्नकुंडली. एवढे पर्याय हाताशी असल्यावर घडून गेलेल्या कोणत्याही घटनेला जुळणारा योग सापडतोच. इंदिरा गांधींच्या पत्रिकेतील चंद्र-शनी, रवी-मंगळ आणि गुरू-शुक्र हे तीन परिवर्तन योग ज्योतिषाच्या प्रत्येक वर्गात शिकविले जातात. १९७१ चा विजय त्यातून सांगता येतो आणि १९७७ चा पराभवही.

चारमिनारपासून सचिवालयापर्यंत

हैदराबादचा पायाच मुहूर्तावर घातला गेला, अशी परंपरा आहे. मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये हे शहर वसविले तेव्हा चंद्र सिंह राशीत आणि गुरू स्वगृही होता, असे सांगतात. आसफजाही घराण्याची कथा ज्योतिषाची नव्हे, पण भविष्यवाणीचीच आहे. पहिले निजाम मीर कमरुद्दीन यांना औरंगाबादचे सूफी संत हजरत निजामुद्दीन यांनी जेवू घातले, त्यांनी सात कुलचे खाल्ले आणि संतांनी सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद दिला. निजामाच्या पिवळ्या ध्वजावरील वर्तुळ त्या कुलच्याचेच, असे मानतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि कथा खरी ठरली. मात्र १७४८ ते १७६२ या काळात नासिरजंग, मुजफ्फरजंग व सलाबतजंग हे तिघेही गादीवर होते. शासक मोजले तर दहा, पिढ्या मोजल्या तर सात. भविष्य खरे ठरविताना काय मोजायचे हे नंतर ठरते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

अलीकडच्या काळात या शहरातील राजज्योतिष ज्यांच्या नावाशी जोडले गेले ते के. चंद्रशेखर राव. तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले आणि त्याच सकाळी ८ वाजून १५ मिनिटांच्या मुहूर्तावर त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. २०१५ च्या आरंभी त्यांनी सचिवालयात वास्तुदोष असल्याचे आणि तेथून कारभार करणाऱ्या कोणाचीच भरभराट झाली नसल्याचे जाहीरपणे सांगितले. सचिवालय हलविण्याचा बेत केला, तो साधला नाही. ते स्वतः मात्र तेथे क्वचितच गेले. डिसेंबर २०१५ मध्ये एर्रवल्ली येथील आपल्या शेतावर त्यांनी पाच दिवसांचा अयुत चंडी महायाग केला. २०१६ मध्ये प्रगती भवन हे नवे निवासस्थान झाले. २०२० मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केल्यावर जुने सचिवालय पाडण्यात आले आणि ३० एप्रिल २०२३ रोजी डॉ. आंबेडकरांचे नाव दिलेल्या भव्य नव्या इमारतीचे उद्घाटन झाले.

सहा हा त्यांचा शुभ अंक मानला जातो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी मुदतीआधी विधानसभा विसर्जित केली आणि त्याच दिवशी १०५ उमेदवारांची नावे जाहीर केली. या आकड्यांची बेरीजही सहा. त्या नोव्हेंबरात राजश्यामला याग झाला, डिसेंबरात दणदणीत विजय मिळाला. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, पक्षाचे नाव बदलून भारत राष्ट्र समिती करण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा त्याच ठिकाणी राजश्यामला याग झाला. या वेळी सत्ता गेली आणि कामारेड्डी मतदारसंघात ते स्वतःही पराभूत झाले. वास्तुशास्त्रानुसार बांधलेल्या नव्या सचिवालयात त्यांना मुख्यमंत्री म्हणून जेमतेम सात महिने मिळाले. एका नेत्याच्या श्रद्धेची थट्टा करण्याचे येथे कारण नाही. श्रद्धा खासगी आहे. सरकारी इमारत, विधानसभेची मुदत आणि निवडणुकीची वेळ या गोष्टी मात्र खासगी नाहीत. त्यांचा खर्च आणि परिणाम सर्व नागरिक सोसतात. वास्तुदोषाच्या कारणाने मुख्यमंत्री सचिवालयात येत नाहीत, यावर विरोधी पक्ष आठ वर्षे टीका करीत होते, ती याच कारणाने रास्त होती. गंमत अशी की टीका करणाऱ्यांपैकी रेवंत रेड्डी यांनी ७ डिसेंबर २०२३ रोजी शपथ घेतली तीही दुपारी १ वाजून ४ मिनिटांचा मुहूर्त काढूनच. आंध्रचे चंद्राबाबू नायडू यांचा १२ जून २०२४ चा शपथविधीही ११ वाजून २७ मिनिटांचा होता.

तेलंगणाच्या मातीतून आलेले आणि मराठी उत्तम जाणणारे पी. व्ही. नरसिंह राव यांच्याभोवतीही ज्योतिषी व तांत्रिकांचा वावर असे. चंद्रास्वामी हे त्यांतील सर्वाधिक गाजलेले नाव. हरि नारायण आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणाऱ्या या बहुश्रुत माणसाने १९९१ ची लोकसभा निवडणूक लढविलीही नव्हती. एका हत्येने राजकारण उलटेपालटे झाले आणि २१ जून १९९१ रोजी ते पंतप्रधान झाले.

शेजारी श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी राजज्योतिषाच्या सल्ल्याने मुदतीच्या दोन वर्षे आधी, ८ जानेवारी २०१५ रोजी, अध्यक्षीय निवडणूक घेतली आणि ते हरले. विजयाचे भाकीत करणाऱ्या ज्योतिषाचे नाव जगभर छापून आले. हैदराबादेतही तसे झाले. २०२४ च्या आंध्र निवडणुकीत जगनमोहन रेड्डी पुन्हा सत्तेवर येणार, असे तेथील एका प्रसिद्ध ज्योतिषाने छातीठोकपणे सांगितले होते. वायएसआर काँग्रेस १५१ वरून ११ जागांवर आली तेव्हा त्याने चूक मान्य करून राजकीय भाकिते थांबवीत असल्याचे जाहीर केले. असे मान्य करणारे विरळा. ते संवत्सर होते क्रोधी, ९ एप्रिल २०२४ रोजी मंगळवारी लागलेले. राजा मंगळ, मंत्री शनी.

न्यायालय, प्रयोग आणि वृत्तपत्रे

‘सर्वोच्च न्यायालयाने ज्योतिषाला शास्त्र मानले आहे’ हे वाक्य वाचकांनी ऐकले असेल. त्या खटल्याचे मूळही हैदराबादेतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीजीवशास्त्र संस्थेचे संस्थापक डॉ. पुष्पमित्र भार्गव यांनी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात दाद मागितली. ती याचिका फेटाळली गेली आणि ५ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. अभ्यासक्रम ठरविणे हे आयोगाचे काम आहे, त्यात न्यायालय पडणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. ज्योतिषाची भाकिते खरी ठरतात, असे प्रमाणपत्र त्यात नाही.

ते तपासण्याचे काम पुण्यात झाले. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह २००८ मध्ये १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची ते सांगावयास सांगितले. उत्तरे पाठविली २७ जणांनी. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडविले असते तर ५० टक्के आली असती. पत्रिकेवरून एवढा ढळढळीत भेद ओळखता येत नसेल, तर लाखो मतदारांचा कौल एका माणसाच्या दशमस्थानावरून कसा ओळखावा?

राज्यशास्त्राच्या बाजूने जुना इशाराही आहे. कौटिल्याच्या राजाच्या पदरी मौहूर्तिक आहे. परंतु मोहिमेच्या वेळी नक्षत्रांच्या नादी लागलेल्या राजाच्या हातचा लाभ निसटतो, असे त्याने बजावून ठेवले आहे.

आता आमच्या धंद्याविषयी. राशिभविष्याचा स्तंभ हा वृत्तपत्राच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या मजकुरांपैकी एक आहे, हे कोणताही उपसंपादक सांगेल. निवडणूक जवळ आली की वृत्तकक्षाच्या टपालात भाकितांची रीघ लागते. निकालानंतर त्यांतील काहींचे ‘मी सांगितलेच होते’ असे पत्र येते. चुकलेल्यांचे पत्र मी अजून पाहिलेले नाही. पण हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. २०१७ च्या आरंभी गोव्यासह पाच राज्यांत निवडणुका झाल्या. मतदानोत्तर चाचण्यांवर बंदी असलेल्या काळात काही वाहिन्यांनी ज्योतिषी आणि टॅरो वाचक बसवून पक्षनिहाय जागा सांगितल्या. निवडणूक आयोगाने ३० मार्च २०१७ रोजी प्रसारमाध्यमांना सूचना काढून स्पष्ट केले की, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार जी बंदी मतदानोत्तर चाचण्यांना आहे, तीच त्या काळात ज्योतिषी, टॅरो वाचक वा राजकीय विश्लेषक यांनी कोणत्याही स्वरूपात केलेल्या भाकितांना लागू आहे. या कलमाचा भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गोव्यात त्या वर्षी मतदान ४ फेब्रुवारीला आणि मतमोजणी ११ मार्चला होती. पाच आठवडे पेटी बंद आणि दुसऱ्या राज्यांत मतदान चालू, अशा काळात पसरविलेले भाकीत हेही प्रचाराचेच साधन होते.

आपल्याकडे उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावण्याची रीत आहे. त्यात आणि हैदराबादच्या पंचांग श्रवणात एक फरक आहे. कौल घेणारा ‘मी उभा राहू का’ असे विचारतो; निकालाचे काय ते त्याच्यावर आणि मतदारावर सोडलेले असते. पक्ष कार्यालयातील पंडित निकालच सांगतो आणि समोर बसलेले कार्यकर्ते टाळ्या वाजवितात. हैदराबादच्याच निजामिया वेधशाळेने एकेकाळी आंतरराष्ट्रीय तारासूचीसाठी सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून दिली होती.